कंटाळवाण्या विषयावर हसवणारी क्विझ लिहिताय? या चुका टाळा

माझी पहिली विनोदी क्विझ शिसपेन्सिलीवर होती. वीस प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नात किमान एक कोटी. लिहिताना खोलीत मी एकटाच हसत होतो, तेव्हाच शंका यायला हवी होती. प्रत्यक्ष खेळताना आठव्या प्रश्नाला एकानं हात वर करून विचारलं, "हे संपणार कधी, याला चार पर्याय आहेत का?" त्या संध्याकाळचं सगळ्यात मोठं हसू त्यानं मिळवलं. माझ्या वाट्याला उसनं हसू आलं, तेही पहिल्या तीन प्रश्नांपुरतं.

त्यानंतर कागदाचे आकार, पत्र्याचे डबे, पेपरक्लिप, सिमेंट अशा विषयांवर बऱ्याच क्विझ लिहिल्या, काही आपटल्याही. विषय जितका रटाळ तितकी गंमत जास्त, हे आता खात्रीनं सांगतो. खेळणारा मनात एक अंदाज बांधतो आणि खरं उत्तर भलतंच निघतं, त्या मधल्या फटीत हसू असतं. खालच्या बहुतेक चुका ही फट बुजवण्याच्याच वेगवेगळ्या तऱ्हा आहेत.

प्रश्नातच विनोद कोंबणं

ही सगळ्यांची पहिली चूक. विषय कंटाळवाणा आहे या धास्तीनं आपण प्रश्नाला मसाला लावायला जातो. माझ्या त्या क्विझमधला एक प्रश्न जसाच्या तसा देतो, लाज बाजूला ठेवून:

"आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झिजणारी, तासून घेणारी, तरी तोंडातून चकार शब्द न काढणारी आपली लाडकी पेन्सिल! सांगा बघू, या बिचारीच्या पोटात किती शिसं दडलंय?"

शेवटपर्यंत पोचेस्तोवर प्रश्न काय होता हेच लोक विसरले. आता तोच प्रश्न मी असा विचारतो:

"शिसपेन्सिलीत शिसं किती असतं? अ) सुमारे ५ टक्के, ब) सुमारे २० टक्के, क) सुमारे ५० टक्के, ड) अजिबात नसतं."

उत्तर ड. आत असतं ग्रॅफाइट आणि चिकणमाती. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बोरोडेल इथं ग्रॅफाइटचा मोठा साठा सापडला आणि लोकांनी त्याला शिशाचाच प्रकार समजून घेतलं. गैरसमज दूर झाला, नाव राहिलं. इथं गंमत करायला माझी गरजच नाही, 'शिसपेन्सिल' हा शब्दच ती करतो. प्रश्न सरकारी अर्जासारखा कोरडा ठेवायचा. विचारणाऱ्याचा चेहरा जितका गंभीर, तितकं उत्तर जोरात लागतं.

अंदाज बांधायला जागाच न ठेवणं

"पत्र्याच्या डब्याचं पेटंट कोणत्या साली मिळालं?" उत्तर १८१०. आता १८१० ऐकून कोण हसणार? १८०७ असतं तरी कुणाला काय फरक पडला असता? सनावळी ही पाठांतराची परीक्षा. ज्याला येतं तो सांगतो, बाकीचे छताकडे बघतात.

त्याच सनातून चांगला प्रश्न निघतो, फक्त त्याच्या शेजारी दुसरं साल ठेवावं लागतं. पीटर ड्युरँडला ब्रिटनमध्ये डब्याचं पेटंट मिळालं १८१० मध्ये. अमेरिकेत एझ्रा वॉर्नरनं डबा उघडायच्या साधनाचं पेटंट घेतलं १८५८ मध्ये. मग विचारायचं: "पत्र्याचा डबा निघाल्यावर तो उघडायचं खास साधन निघायला किती वेळ लागला? अ) सहा महिने, ब) सुमारे पाच वर्षं, क) सुमारे पंधरा वर्षं, ड) जवळजवळ अर्धं शतक." लोक पाच म्हणतात, धाडसी असेल तो पंधरा म्हणतो. 'ड' सांगितल्यावर आधी हसू येतं आणि मग हमखास प्रश्न येतो, "तोवर उघडायचे कशानं?" छिन्नी आणि हातोडीनं. हे वाक्य प्रश्नात घालून वाया घालवू नका, उत्तरानंतर हाती ठेवा.

पर्याय 'जवळजवळ अर्धं शतक' असा ढोबळ का, तर रॉबर्ट येट्सचं ब्रिटनमधलं साधन १८५५ चं आहे. '४८ वर्षं' असा पर्याय दिला असता, तर येट्सची माहिती असलेला एखादा उभा राहिला असता आणि पुढची दहा मिनिटं गुऱ्हाळ चाललं असतं.

आकड्यांचे प्रश्न मला आवडतात, पण खेळणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागलं पाहिजे. "साध्या ८० जीएसएमच्या एका ए-४ कागदाचं वजन किती?" हा माझा आवडता. वरवर पाहता अशक्य वाटतो, कारण एकच कागद तराजूवर कोण ठेवतं? पण ए-० कागदाचं क्षेत्रफळ बरोबर १ चौरस मीटर असतं. तो चार वेळा अर्धा केला की ए-४, म्हणजे सोळावा भाग. ८० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम. ८० भागिले १६, पाच ग्रॅम. हे उलगडून सांगितलं की खोलीत एक वेगळाच आवाज येतो, स्वतःवर चिडल्यासारखा. हसू त्याच्या मागोमाग.

विषयाची माफी मागणं

"विषय जरा बोअर आहे, पण सांभाळून घ्या." या वाक्यानं सुरू झालेली एकही क्विझ रंगलेली मी पाहिलेली नाही. विषयाची टिंगल करणं हा त्याच माफीचा दुसरा प्रकार. "कागदाच्या मापांवर आयुष्य घालवणारे लोक, काय म्हणावं यांना!" असं म्हटलं की ऐकणाराही म्हणतो, मग मी का ऐकू?

उलट करा. त्या विषयाला कमालीच्या गांभीर्यानं घेणारा माणूस किंवा समिती शोधा आणि त्यांच्या बाजूनं उभे राहा. कंटाळवाण्या विषयातलं खरं सोनं तिथंच असतं. कागदाचंच घ्या. कितीही वेळा अर्धा केला तरी आकाराचं प्रमाण तेच राहील अशा कागदाबद्दल जर्मन शास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग यांनी १७८६ साली एका पत्रात लिहिलं होतं, आणि त्यावर बेतलेलं जर्मन मानक आलं १९२२ मध्ये. आज प्रिंटरमध्ये अडकणारा कागद त्याच कुळातला.

याहून सरस उदाहरण चहाचं. चहा कसा करायचा याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे: आयएसओ ३१०३, साल १९८०. दर १०० मिलिलीटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, ६ मिनिटं मुरवायचा. चहा फक्कड व्हावा हा त्याचा हेतूच नाही. वेगवेगळ्या चहांची चव तपासताना सगळे एकाच पद्धतीनं केलेले असावेत, एवढंच. या विषयावरच्या सहा पानी ब्रिटिश मानकाला १९९९ साली इग नोबेल, म्हणजे नोबेलची नक्कल करणारं गमतीदार पारितोषिक, मिळालं. प्रश्न: "कोणत्या विषयातलं? अ) रसायनशास्त्र, ब) शांतता, क) साहित्य, ड) वैद्यक." उत्तर साहित्य. मी हा प्रश्न एकाच सुरात वाचतो, 'साहित्य' सुद्धा त्याच सुरात, आणि थांबतो.

एक पथ्य मात्र पाळा. हसायचं ते मानकाला, नियमाला, योगायोगाला. खेळणाऱ्यांपैकी कुणाचा हा रोजचा कामधंदा असू शकतो. तो सगळ्यात जास्त हसला, तर क्विझ जमली.

चौथा पर्याय पीजे

तीन गंभीर पर्याय आणि 'ड' म्हणजे पीजे, ही सवय इतकी पसरलीय की दुसऱ्या प्रश्नापासून लोक 'ड' वाचतच नाहीत. म्हणजे चाराचे तीन झाले आणि विनोदही फुकट गेला. यावरचा उपाय सोपा आहे: खरं उत्तरच पीजेसारखं दिसू द्या. "वॉम्बॅट या प्राण्याच्या विष्ठेचा आकार कसा असतो?" इथं 'ठोकळ्यासारखा' हा पर्याय लोक हसून सोडून देतात, आणि तोच बरोबर असतो. त्याच्या आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही, म्हणून तसा आकार येतो. यावरच्या संशोधनाला २०१९ चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालंय.

पर्यायांबद्दल आणखी दोन बारीक गोष्टी. बरोबर पर्याय नकळत लांब होतो, कारण तो अचूक करायच्या नादात आपण त्याला शेपटं जोडतो. खेळात मुरलेले लोक सगळ्यात लांब पर्याय निवडून मोकळे होतात. आणि 'वरीलपैकी सर्व' लिहिणं म्हणजे पाट्या टाकणं, दुसरा शब्द नाही.

गंमतशीर आहे म्हणून खरं धरणं

इथं मी स्वतः तोंडघशी पडलोय. पेपरक्लिपचा शोध नॉर्वेच्या योहान वालर यांनी लावला, असं मी बिनधास्त लिहिलं होतं, कारण दहा ठिकाणी तेच वाचलं होतं. वालर यांनी क्लिपचं पेटंट घेतलं हे खरं. पण त्यांच्या क्लिपला आतला शेवटचा वेढाच नव्हता. आपण वापरतो ती 'जेम' क्लिप त्याआधीच बाजारात होती. दहा ठिकाणं म्हणजे दहा साक्षीदार नव्हते. एकानं लिहिलं आणि नऊ जणांनी उतरवून घेतलं.

अशी चूक सापडली की प्रश्न फेकून देऊ नका, चुकीलाच प्रश्न करा. ऑस्लोजवळ सांडविका इथं १९८९ मध्ये वालर यांच्या सन्मानार्थ जवळपास ७ मीटर उंचीची क्लिप उभारली. "त्या स्मारकात काय चुकलंय?" उत्तर: ती वालर यांची क्लिपच नाही, जेमच्या वळणाची आहे. मूळ चुकीच्या प्रश्नापेक्षा हा शंभरपट बरा.

उतरवून घेण्यावरून आठवलं. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकी लेखकानं आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली होती: टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव फिलिप. 'ट्रिव्हियल परस्यूट' या खेळात तेच उत्तर आलं. वर्थनं १९८४ साली ३० कोटी डॉलरचा दावा लावला आणि तो हरला, कारण माहितीवर कुणाचा मालकी हक्क नसतो असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. खटला खेळवाल्यांनी जिंकला, पण फिलिप चुकीचा तो चुकीचाच.

'पहिला', 'सर्वात मोठा', 'एकमेव' हे तीन शब्द प्रश्नात दिसले की मी लाल पेन उचलतो. निम्म्या वेळा 'पेटंट घेतलं' किंवा 'सर्वात जुन्यांपैकी एक' असा बदल करावा लागतो. उरलेल्या वेळा प्रश्नच जातो.

क्विझ पडली, आता काय?

प्रश्नाला हसू नाही, नुसतं "अच्छा" आलं, तर माहिती चांगली आहे पण अंदाज आधी बांधला गेला नाही. पुढच्या वेळी उत्तर सांगण्याआधी प्रत्येकाला ते कागदावर लिहायला लावा. लिहिलेलं नाकारता येत नाही.

एकच माणूस सगळी उत्तरं देत असेल, तर तुम्ही आठवणीचे प्रश्न काढलेत. नावं आणि सनावळ्या कमी करा, तर्कानं सुटणारे वाढवा. "काँक्रीट पाण्याखाली घट्ट होतं: खरं की खोटं?" खरं, कारण ते वाळत नाही, सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन ते कडक होतं. यावर सगळ्यांना काहीतरी म्हणायचं असतं. वाद फारच पेटला तर दोन्ही बाजूंना गुण देऊन पुढे सरका. गुण तुमच्या खिशातून जात नाहीत.

सुरुवात रंगली आणि मध्यावर उतरती कळा लागली, हे दुखणं ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारण असं की प्रत्येक उत्तर विचित्र होतं. चार प्रश्नांत लोकांना खोड कळते आणि ते डोळे मिटून सगळ्यात चमत्कारिक पर्याय निवडू लागतात. अंदाजच विचित्र झाला की उत्तराशी फट राहत नाही. म्हणून दहात दोन-तीन उत्तरं अगदी साधी ठेवा. "पेन्सिलीवरच्या 'एचबी'तल्या 'बी'चा अर्थ काय? बोरोडेल, ब्रिटिश, ब्लॅक की बेस्ट?" बोरोडेलची गोष्ट नुकतीच ऐकलेले सगळे तिकडे धावतात. उत्तर ब्लॅक. इतकं सपक, की त्यालाच हशा पडतो.

आणि हो, दहाच. वीस नकोत. पहिला प्रश्न निदान निम्म्यांना यावा, आणि उत्तरानंतरचं स्पष्टीकरण दोन-तीन वाक्यांत आटपावं. बाकी मांडणीबद्दल फार डोकं लावू नका.

माझ्या जुन्या वीस प्रश्नांतले सात आज शिल्लक आहेत. त्यातला एक असा: "खोडरबर येण्याआधी पेन्सिलीचं लिखाण कशानं खोडत?" रबरानं खोडलं जातं याची नोंद जोसेफ प्रिस्टली यांनी १७७० साली केली. त्याआधी पावाचा मऊ तुकडा वापरत. मागच्या वेळी मी उत्तर सांगून पुढचा कागद उचलत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे ज्याच्या चुका जास्त, तो उपाशी." मला पुढचा प्रश्न विचारायला दोन मिनिटं थांबावं लागलं.