स्वस्त स्प्रिंग एअर रायफल: उंदरावर रोखण्याआधी

नव्या रायफलीचे पहिले काही बार धुराचे, दणक्याचे असतात. आत राहिलेलं तेल जळतं. ते बार मी मोजतच नाही. दस्त्याचे स्क्रू मात्र लगेच आवळा, हमखास ढिले होतात. मग 10 मीटरवर कागद लावा, मागे वाळू भरलेली पेटी. रायफल करकचून धरू नका. पुढचा भाग उघड्या तळहातावर नुसता टेकवा. छर्रा नळीतून सुटायच्या आधीच धक्का सुरू झालेला असतो, आणि पकड बदलली की नेम हलला. वेगवेगळ्या बनावटीचे 4.5 मिमीचे छर्रे पाच-पाच मारून बघा. महागडाच जमेल असं काही नाही. ज्या अंतरावरून पाचही भोकं 25 मिमीच्या आत पडतात तेवढंच तुमचं अंतर. पलीकडचा उंदीर खुशाल जाऊ द्या, जखमी होऊन बिळात कुजेल. छर्रा न भरता चाप ओढू नका, स्प्रिंगने ढकलला जाणारा आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, आपटतो.