फ्रॅक्टलचं अ‍ॅनिमेशन: मधल्या फ्रेममधल्या या चुका टाळा

फ्रॅक्टलचं अ‍ॅनिमेशन बिघडतं ते बहुतेक वेळा मध्येच. (फ्रॅक्टल म्हणजे जिचे छोटे भागही पूर्ण आकृतीसारखे दिसतात, अशी गणिती आकृती.) पहिली आणि शेवटची फ्रेम सुरेख दिसते, म्हणून चूक उशिरा सापडते. पूर्ण रेंडर (संगणकाकडून सगळ्या फ्रेम काढून घेणं) लावण्याआधी बरोब्बर मधली फ्रेम आणि शेवटच्या दोन फ्रेम काढून बघाच.

सगळ्यात जास्त फसवतो तो झूम. समजा, मॅन्डेलब्रॉट संच या प्रसिद्ध फ्रॅक्टलमध्ये 300 फ्रेममध्ये दिसणाऱ्या भागाची रुंदी 3 वरून 0.003 वर आणायची आहे. दर फ्रेमला सारखाच आकडा वजा केला, तर 150व्या फ्रेमपर्यंत झूम जेमतेम दुप्पट होतो, आणि शेवटच्या एकाच फ्रेममध्ये चौपटीहून मोठी उडी बसते. इथे वजाबाकी नको, गुणाकार हवा. दर फ्रेमला रुंदी 0.9772 ने गुणा. वेग डोळ्यांना एकसारखा वाटेल.

फिरवतानाही हाच घोळ होतो. 0 आणि 90 अंशांच्या मॅट्रिक्समधल्या (आकृती फिरवणाऱ्या आकड्यांच्या चौकटीतल्या) आकड्यांची सरळ सरासरी घेतली, तर मध्यावर आकार 0.707 पट होतो. 180 अंशांना तर मध्यावर सगळे आकडे शून्य, आणि आख्खी आकृती एका बिंदूत गोळा! आधी कोन आणि माप वेगवेगळे बदला, मग त्यांतून मॅट्रिक्स बनवा.

बार्न्सलीचं नेचं (यादृच्छिक निवडीने ठिपके टाकून बनणारं नेच्याच्या पानासारखं फ्रॅक्टल) झुलवताना ठिपके मुंग्यांसारखे वळवळत असतील, तर प्रत्येक फ्रेमला नवे यादृच्छिक अंक येत आहेत. प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला तोच सीड (यादृच्छिक अंकांची मालिका ठरवणारा सुरुवातीचा आकडा) द्या. पहिले 20 बिंदू चित्रात दाखवू नका, ते आकृतीबाहेर पडू शकतात.

खोल झूममध्ये चौकोनी ठोकळे दिसले की अचूकता संपली. 32-बिट फ्लोट या कमी अचूक संख्याप्रकारात हे रुंदी 0.0001 च्या आसपासच सुरू होतं, म्हणून डबल (64-बिट) वापरा. ठोकळ्यांऐवजी काळे डाग वाढत असतील, तर इटरेशनची (प्रत्येक बिंदूला सूत्र पुन्हा पुन्हा लावण्याची) मर्यादा वाढवा. मात्र रंग त्या मर्यादेने भागून ठरवू नका. मर्यादा बदलली की सगळे रंग सरकतात.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा दुपारी लॅपटॉप तापून मंदावतो. मोठं रेंडर रात्री लावा आणि प्रत्येक फ्रेम वेगळी पीएनजी म्हणून साठवा. वीज गेली तरी पुढच्या फ्रेमपासून सुरू करता येतं. शेवटी एफएफएमपेग (व्हिडिओ बनवायचं सॉफ्टवेअर) वापरून फ्रेम जोडताना पिक्सेल फॉरमॅट (रंग साठवायची पद्धत) वाययूव्ही420पी द्या, नाहीतर बऱ्याच फोनवर व्हिडिओ चालत नाही. त्यासाठी लांबी-रुंदीचे पिक्सेल सम संख्येत हवेत.