गरोदरपणात मासे सोडू नका, मोरी सोडा

दिवस गेले म्हणून मासे बंद करू नका, बाळाच्या मेंदूला त्यातलं ओमेगा-3 हवंच असतं. मोरी, म्हणजे मुशी (शार्क मासा), मात्र या काळात घरात आणूच नका. ती वर्षानुवर्षं इतर मासे खाऊन वाढते आणि त्यांच्यातला पारा तिच्या मांसात साठत जातो. तो वारेतून थेट बाळापर्यंत पोचतो. हळद-मीठ लावून, आगळात मुरवून, अगदी खरपूस तळूनही तो जात नाही, कारण तो मांसातल्या प्रथिनांनाच चिकटलेला असतो.

बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण द्यायची पद्धत काही घरांत आहे. सासूबाईंचं मन मोडवत नसेल तर तोच मसाला, तिरफळं घालून, बांगड्याला वापरा. बांगडा, तारली, मांदेली असे छोटे मासे आठवड्यातून दोन-तीनदा, मिळून 225 ते 340 ग्रॅम खावेत. मोठी सुरमईही टाळलेलीच बरी. तिचा जातभाई किंग मॅकरेल अमेरिकेच्या एफडीएने गरोदर बायकांसाठी वर्ज्य ठरवलाय.

रक्तातला पारा निम्मा व्हायलाच साधारण 50 दिवस लागतात, तेव्हा मूल हवं असं ठरवलंत की लगेच हे सुरू करा.