कृष्णविवराभोवतीच्या द्रव्याच्या गुरुत्वीय लहरी काढताना या चुका टाळा

इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळातील तरंग) टिपण्यासाठी उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेच्या कामात सहभागी आहे, त्यामुळे येथील मराठी विद्यार्थ्यांची गुरुत्वीय लहरींविषयीची उत्सुकता वाचनापुरती राहू नये, असे मनापासून वाटते. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या द्रव्याचे उत्सर्जन स्वतः काढू पाहणाऱ्यांसाठी हे लेखन आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक विस्तारलेल्या द्रव्याच्या बाबतीत होते. चकतीचे किंवा कड्याचे कण पाडून प्रत्येकाची ऊर्जा वेगळी काढायची आणि शेवटी बेरीज करायची, ही रीत सरळ वाटली तरी चुकीची आहे, कारण बेरीज आयामांची (लहरींच्या उंचीची), त्यांच्या फेजसह (लहर आवर्तनात कुठे आहे त्यासह) करावयाची असते आणि वर्ग त्यानंतर घ्यावयाचा असतो. एकाच वर्तुळाकार कक्षेत समान वस्तुमानाचे दोन कण समोरासमोर ठेवले, तर एम = २ या घटकाची (एम म्हणजे कक्षेच्या एका फेरीत त्या घटकाची किती आवर्तने होतात तो आकडा) ऊर्जा एका कणाच्या चौपट येते; तेच कण ९० अंशांवर ठेवले, तर ती शून्य होते. समान अंतरावरील चार कणांतून एम = ४, ८ असे चारच्या पटीतलेच घटक उरतात, आणि पूर्णपणे एकसारखे कडे तर मुळीच उत्सर्जन करीत नाही. तरीही प्रोग्रॅमने अशा कड्यातून लहर दाखवली, तर एकूण वस्तुमान तेवढेच ठेवून कणांची संख्या चौपट करावी: ऊर्जा सरासरीने चौथाईवर आली, तर ती लहर म्हणजे विस्कळीत मांडलेल्या कणांचा गोंगाटच होय.

एका कणाचे उत्तर त्याआधी पारखावे. न फिरणारे कृष्णविवर, जी = सी = १ (गुरुत्व स्थिरांक आणि प्रकाशवेग एक मानणारी एकके), कक्षेची त्रिज्या कृष्णविवराच्या वस्तुमानाच्या १० पट असताना चतुर्ध्रुव सूत्र (मंद गतीसाठीचे अंदाजी सूत्र) ऊर्जा-उत्सर्जनाच्या दरासाठी ०.००००६४ हा गुणांक देते (त्याला कण व कृष्णविवर यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराच्या वर्गाने गुणावे), तर ट्यूकॉल्स्की समीकरणातून (कृष्णविवराभोवतीच्या लहान विचलनांचे समीकरण) एल = २ (एल हा घटकाच्या कोनीय आकाराचा दुसरा आकडा), एम = ±२ या जोडीसाठी सुमारे ०.००००५३७ येतो. उत्तर याच्या निम्मे आले, तर उणे दोनचा घटक राहून गेला आहे.

एककांची तपासणी सोपी आहे. जी = सी = १ या एककांत एका सूर्याचे वस्तुमान म्हणजे ४.९२५ मायक्रोसेकंद, त्यावरून दहा लाख सूर्यांच्या न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या शेवटच्या स्थिर कक्षेतील लहरीची वारंवारता सुमारे ४.४ मिलीहर्ट्झ येते. २.२ आल्यास ती कक्षेची वारंवारता आहे, आणि २७.६ आल्यास दोन पायने भागायचे राहिले आहे.

कालाधारित गणनेत (काळाच्या पावलांनी पुढे जाणाऱ्या) सुरुवातीच्या अचूक नसलेल्या स्थितीमुळे उमटणारा खोटा स्पंद टाकून द्यावा. साय-चारचे (ट्यूकॉल्स्की समीकरणातून मिळणारी राशी; दूरवर ती लहरीच्या काळानुसार दुसऱ्या विकलजाएवढी असते) दोनदा संकलन करून लहर काढल्यास ती शून्यरेषेपासून हळूहळू सरकते, म्हणून वर्तुळाकार कक्षेत प्रत्येक घटकाला त्याच्या कोनीय वारंवारतेच्या वर्गाने भागणेच योग्य. चिन्ह मात्र आपण स्वीकारलेल्या संकेताप्रमाणे लावावे.