ड्यूटेरॉनवरून न्यूक्लिऑनमधील बलाचे प्रारूप कसे बांधावे

न्यूक्लिऑनमधील (म्हणजे अणुकेंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्यातील) बलाचे प्रारूप बांधताना सुरुवात ड्यूटेरॉन या जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रापासून करावी, कारण एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन एवढाच त्याचा संसार असून त्याची बंधन ऊर्जा (दोन्ही कण सुटे करायला लागणारी ऊर्जा) २.२२ एमईव्ही, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, इतकी अचूक ठाऊक आहे. बलाचा पल्ला ठरवण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ युकावा यांची १९३५ची कल्पना, म्हणजे हे बल एका कणाच्या देवाणघेवाणीतून येते ही, पुरेशी आहे : १९७ एमईव्ही-फेम्टोमीटर या स्थिरांकाला (ħc) त्या कणाच्या, पायॉनच्या, सुमारे १४० एमईव्ही वस्तुमानाने भागले, की १.४ फेम्टोमीटर मिळतात.

पहिल्या अंदाजासाठी २.१ फेम्टोमीटर त्रिज्येचा चौकोनी विभवकूप (आत सर्वत्र सारखी खोली आणि बाहेर शून्य विभव असलेला खड्डा) घ्यावा. श्रॉडिंजर समीकरणात प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या निम्मे, म्हणजे या जोडीचे समानीत वस्तुमान, घालावे (विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच) आणि कूपाच्या काठावर आतील व बाहेरील तरंगफलने, त्यांच्या उतारांसह, जुळवावीत. खोली सुमारे ३४ एमईव्ही येते, म्हणजे बंधन अगदी निसटते आहे. दोन कणांतील अंतर कूपाच्या त्रिज्येहून जास्त, म्हणजे बलाच्या पल्ल्यापलीकडे, असण्याची संभाव्यता ६० टक्क्यांहून अधिक निघते.

मात्र एवढ्यावर समाधान मानू नये. दोन्ही कणांचे स्पिन (अंगभूत कोनीय संवेग) विरुद्ध असताना ही जोडी बद्धच होत नाही, म्हणून विभव स्पिनवर अवलंबून ठेवावा लागतो, आणि ड्यूटेरॉनचा ०.२८६ चौरस फेम्टोमीटरचा चतुर्ध्रुव आघूर्ण (आकार पूर्ण गोल नसल्याचे माप) मिळवण्यासाठी टेन्सर पद, म्हणजे स्पिनच्या दिशेवर अवलंबून असलेले पद, जोडावेच लागते. शेवटी विकिरणाच्या, म्हणजे न्यूक्लिऑन एकमेकांवर आदळवून विखुरण्याच्या, प्रयोगांतील कलांतरे (बलामुळे तरंग किती सरकतो त्याचे माप) तपासावीत : सुमारे २५० एमईव्हीच्या आसपास एस-तरंगाचे (कोनीय संवेग शून्य असलेल्या तरंगाचे) कलांतर ऋण होते, आणि चौकोनी कूपात नसलेला प्रतिकर्षी (दूर ढकलणारा) गाभा तेथे घालावा लागतो.