कोकण असो की देश, थायरॉइड कॅन्सरचा धोका कसा जोखावा

सातारा-सांगलीकडे एक समज पक्का बसलाय: कोकणातली माणसं मासे खातात, त्यांना थायरॉइडचं काही होत नाही, त्रास सगळा देशावरच्यांना. गलगंडापुरतं, म्हणजे आयोडीन कमी पडून मानेतली थायरॉइड ग्रंथी सुजते त्या आजारापुरतं, यात थोडं तथ्य आहे. डोंगरउतारावरचा जोराचा पाऊस मातीतलं आयोडीन धुवून नेतो. मातीत कमी, तर पिकातही कमी. कॅन्सरचं गणित मात्र वेगळं आहे. भारतात ज्या भागांत थायरॉइड कॅन्सरच्या नोंदी जास्त आहेत, त्यात समुद्रकाठचा तिरुवनंतपुरम येतो. जिथे सोनोग्राफी जास्त होते तिथे बारीक गाठीही जास्त सापडतात, हे अशा आकड्यांमागचं एक मोठं कारण.

गावाप्रमाणे बदलतो तो मुख्यतः कॅन्सरचा प्रकार. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर हे त्याचे दोन मुख्य प्रकार. आयोडीन भरपूर मिळतं तिथे पॅपिलरीचा वाटा जास्त. कमी पडतं तिथे फॉलिक्युलरचा वाटा वाढतो. पॅपिलरी बहुधा मानेतल्या लसीका ग्रंथींत पसरतो, फॉलिक्युलर रक्तावाटे हाडांत आणि फुप्फुसांत जाऊ शकतो. म्हणून देशावर राहणाऱ्यांनी सुरुवात स्वयंपाकघरातून करावी.

१. मिठाची पिशवी वाचा. ‘आयोडीनयुक्त’ असं छापलेलं हवं. ग्राहकाच्या हाती पडताना एक किलो मिठात किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावं, असा नियम आहे. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला 250. रोजच्या 5 ग्रॅम मिठातून किमान 75 मिळतं. बाकीचं दूध, अंडी, मासे यांतून. आयोडीनसाठी मीठ वाढवू नका, रक्तदाब वाढेल. लोणच्यासाठी आणलेलं खडे मीठ समुद्राचं असलं तरी त्यात आयोडीन जवळजवळ नसतं. नुसतं सैंधव वापरणाऱ्या घरांचीही हीच चूक होते.

२. मीठ झाकून ठेवा. शेगडीशेजारी उघड्या भांड्यात, वाफेत ठेवलेल्या मिठातलं आयोडीन उडून जातं. घट्ट झाकणाची बरणी आणि कोरडा चमचा वापरा. आमटी-भाजीत मीठ शेवटी घाला.

३. महिन्यातून एकदा मान पाहा. उजेडात आरशासमोर उभे राहा, हनुवटी थोडी वर करा, पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना कंठमण्याच्या खालचा भाग नीट पाहा. गिळताना वर-खाली सरकणारा फुगवटा थायरॉइडचा असण्याची शक्यता जास्त. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण गाठ कडक असेल, भराभर वाढत असेल, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, घास अडकत असेल किंवा मानेच्या बाजूला वेगळी गाठ लागत असेल, तर थांबू नका. लहानपणी मानेला रेडिएशन दिलेलं असेल किंवा घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा. या दोन गोष्टी गावापेक्षा कितीतरी महत्त्वाच्या आहेत.

४. तपासण्या क्रमाने करा. आधी टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि मानेची सोनोग्राफी. टीएसएच नॉर्मल आला म्हणजे कॅन्सर नाही, असं धरून पुष्कळजण इथेच थांबतात. तो आकडा ग्रंथीचं काम सांगतो, गाठीचा स्वभाव नाही. सोनोग्राफीत संशय वाटला तर बारीक सुईने पेशी काढतात. साधारणपणे एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीला सुई लावत नाहीत. फॉलिक्युलर गाठ साधी की कॅन्सरची, हे सुईने कळत नाही. पेशी दोन्हीकडे सारख्याच दिसतात. गाठीचं आवरण भेदलं गेलंय का, हे ती काढून तपासल्यावरच समजतं. त्यामुळे सुईचा रिपोर्ट ‘अनिश्चित’ आला तर लॅबला दोष देऊन दुसरीकडे तीच तपासणी करत फिरू नका, थायरॉइडच्या सर्जनकडे जा.

काही गोष्टी टाळा. समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनाने घेऊ नका, जादा आयोडीनही ग्रंथी बिघडवतं. काही तक्रार नसताना हेल्थ चेकअप पॅकेजमधली मानेची सोनोग्राफी करू नका. दक्षिण कोरियात 1999 नंतर अशा तपासण्या वाढल्या. निदानं कित्येक पटींनी वाढली, मृत्यू मात्र जवळपास तितकेच राहिले.

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉइड पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन) द्यायचं ठरलं, तर त्याआधी एक-दोन आठवडे रुग्णाला आयोडीनयुक्त मीठ, मासे, अंडी आणि दूध वर्ज्य असतं. तेव्हा त्याचं जेवण वेगळं करा. घरच्या बाकीच्यांचं मीठ बदलू नका.