रंगवलेल्या कापडाची गोधडी स्पर्धेला पाठवायचीय? मग आधी कापड नीट धुवा

क्विल्टच्या स्पर्धांमध्ये ‘हाताने रंगवलेलं कापड वापरा’ अशी अट आली की बायका उत्साहाने रंगवतात, मन लावून शिवतात, आणि शेवटच्या धुण्यात लाल चौकोनाचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर पसरतो. मग सल्ले सुरू होतात आणि त्यातला पहिला ठरलेला असतो: मिठाच्या नाहीतर व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवा, रंग पक्का होतो. होत नाही. का होत नाही ते पुढे सांगते, कारण या सगळ्या कामात अवघड गोष्ट तेवढी एकच आहे. शिवणयंत्र चालवता येतं आणि पाव इंचाची शिवण सरळ येते, हे मी धरून चालते.

नियम

नियमांचा कागद पूर्ण वाचा. रंग स्वतः लावायचा आहे की विकत घेतलेलं हातरंगाईचं कापड चालतं? ते दर्शनी बाजूला किती दिसलं पाहिजे? दिलेला आकार नेमका तेवढाच हवा की ती कमाल मर्यादा आहे? बहुतेक ठिकाणी क्विल्ट म्हणजे टाक्यांनी एकत्र धरलेले तीन थर: वरचा, मधला भराव आणि अस्तर. आपली गोधडी, कोल्हापूर-सांगलीकडची वाकळ, या व्याख्येत आरामात बसते. मधला थर जुन्या लुगड्याचा असला तरी तो भरावच. नुसते तुकडे जोडून वरचा थर पाठवला तर मात्र बाद.

कापड

शंभर टक्के सुती. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, काठाचा धागा काढून जाळून बघा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. टोकाला कडक मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे, आणि पॉलिएस्टरला आपला रंग लागणार नाही. माझी पसंती कॅम्ब्रिकला, म्हणजे घट्ट विणीच्या तलम सुती कापडाला. मांजरपाट स्वस्त आणि भरवशाचा, पण जाड. मलमल सुरेख रंगते, पण कापताना आणि शिवताना सरकते, म्हणून पहिल्या गोधडीला नको.

कोऱ्या कापडाची खळ काढा: धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून अर्धा-पाऊण तास उकळायचं. वाळल्यावर वर पाण्याचा थेंब टाका. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर पुन्हा उकळा.

रंग कोणता

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या ‘सर्व कापडांसाठी’ लिहिलेल्या पुड्या घेऊ नका. पडद्याला एक वेळ ठीक, गोधडीला नाही. सुतासाठी थंड पाण्यात चालणारे रिॲक्टिव्ह रंग घ्या. रॅटी आणि स्टीफन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये ते शोधले आणि १९५६ मध्ये आयसीआय या ब्रिटिश कंपनीने ‘प्रोसियन’ नावाने बाजारात आणले. त्याआधीचे बहुतेक रंग सुताला नुसते चिकटून राहायचे. हे रंग सोड्याच्या साथीने सुताच्या रेणूशी रासायनिक बंध जोडतात. हा बंध लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

नैसर्गिक रंगांचा आग्रह असेल तर हिरडा, तुरटी आणि मंजिष्ठेचा लाल घ्या, नाहीतर डाळिंबाच्या सालीचा पिवळा. हिरडा आणि लोखंडाचा काळाही चांगला येतो, पण लोखंड जास्त झालं तर कापड काही वर्षांत कुजतं. हळद नको. ती उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. बीट आणि जास्वंदीचं पाणी रंगाईत धरूच नका.

रंगवणं

हे सोपं आहे. लिटरभर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा. खाण्याचा सोडा नव्हे. त्यात कापड पंधरा-वीस मिनिटं भिजवून पिळा. १०० ग्रॅम कापडाला मध्यम छटेसाठी साधारण २ ग्रॅम रंग, गडद हवी तर ४, काळ्यासाठी ८ च्या आसपास. रंग साध्या पाण्यात विरघळवा, कापडावर ओता, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून चोवीस तास ठेवा. हिवाळा असेल तर पिशवी घरातल्या उबदार कोपऱ्यात. फिकी ते गडद अशी छटांची शिडी हवी असेल तर दर तुकड्याला रंगाचं प्रमाण निम्मं करत जा. स्पर्धेत अशी शिडी नेहमी उठून दिसते.

पूड मोजताना मास्क आणि हातमोजे घालाच. ही पूड श्वासातून गेली तर काहींना दम्यासारखी ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की तो माणूस रंगाईला कायमचा मुकतो. रंगाचं पातेलं परत स्वयंपाकाला वापरायचं नाही.

धुणं, म्हणजे खरं काम

मलाही हे बराच काळ जमत नव्हतं, आणि त्याचं कारण एका शब्दात सापडलं: ‘पक्का करणं’. आपण सारखे रंग पक्का करायला धावतो. चोवीस तासांनी पिशवी उघडता तेव्हा कापडात दोन प्रकारचा रंग असतो. एकाने सुताशी बंध जोडलेला असतो. तो पक्का झालेलाच आहे, तुम्ही काही करायची गरज नाही. दुसऱ्याची गाठ सुताऐवजी पाण्याशी पडलेली असते. त्याची बंध जोडण्याची ताकद संपलेली असते आणि तो धाग्यांत नुसता अडकून बसलेला असतो. हा दुसरा कशानेही पक्का होत नाही. त्याला बाहेर काढायचं असतं.

आता मीठ-व्हिनेगर. मिठाचं काम रंगवताना असतं. भरपूर पाण्याच्या पातेल्यात रंगवलं तर मीठ रंगाला पाण्याकडून कापडाकडे ढकलतं. धुताना तेच मीठ सुट्या रंगालाही कापडात धरून ठेवतं, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या उलट. व्हिनेगर हे आम्ल, ते लोकर आणि रेशमाच्या रंगांना लागतं. सुतावर ते फक्त सोडा मारतं, आणि लवकर घातलं तर चालू असलेली प्रक्रियाच थांबवतं. आजीच्या काळातल्या रंगांना मिठाचा थोडा उपयोग होत असेलही. या रंगांना नाही.

बाजारात ‘डाय फिक्सर’ नावाची बाटली मिळते. ती सुट्या रंगाला धाग्यावर चिकटवते. काही धुण्यांपुरतं काम भागतं, पण छटा बदलू शकते आणि उन्हात रंग टिकणं कमी होऊ शकतं. आठवडाभर उजेडात टांगल्या जाणाऱ्या गोधडीसाठी मी ती वापरत नाही.

धुण्याचा क्रम असा. आधी थंड पाणी. दोन-तीन वेळा भरपूर पाण्यात खळबळून घ्या, कापडाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत. बुळबुळीत म्हणजे अजून सोडा आहे. सोडा आत असताना थेट उकळतं पाणी घातलं तर पक्का झालेला रंगही सुटायला लागतो. बरेच जण हा टप्पा गाळतात आणि मग ‘रंग फिका पडला’ म्हणून रंगवाल्याला दोष देतात.

मग गरम, आणि गरम म्हणजे खरोखर गरम. गीझरचं पाणी बहुतेक वेळा पुरत नाही. पातेल्यात उकळीच्या जवळ आणलेलं पाणी बादलीत घ्या, कापड पूर्ण बुडवा आणि सोडून द्या. घासू नका, चोळू नका, आपटू तर मुळीच नका. उष्णतेने सुट्या रंगाची सुतावरची पकड सैल होते आणि तो हळूहळू पाण्यात येतो. काम वेळ करते, मनगट नाही. तासाभराने पाणी ओता, नवं गरम पाणी घ्या, त्यात अगदी थोडा सौम्य द्रव साबण घाला. ब्लीच किंवा ‘जास्त पांढरं’ करणारी पावडर नको. एखादी खेप रात्रभर ठेवली तर उत्तम. पांढऱ्या वाडग्यात काढलेलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच करत राहायचं.

सुरुवातीच्या खेपांना प्रत्येक रंगाची बादली वेगळी. आणि ओल्या कापडांचा ढीग पिळून एका कोपऱ्यात ठेवून जेवायला जाऊ नका. भरपूर पाण्यात तरंगणारा सुटा रंग निरुपद्रवी असतो, पण दाबून ठेवलेल्या ओल्या ढिगात तो शेजारच्या फिक्या कापडात उतरतो.

मोरपिशी रंगाला वेगळी वागणूक द्या. त्याचा रेणू मोठा, तो सावकाश लागतो आणि सावकाशच सुटतो. रंगवताना त्याला ऊब जास्त द्या आणि धुताना दोन-तीन खेपा जास्त धरा. गडद निळा आणि काळा हे बहुधा मिश्र रंग असतात, त्यांचंही तेच.

बोअरचं पाणी असेल तर अर्धी भांडणं तिथेच सुरू होतात. जड पाण्यातला कॅल्शियम रंगाचे बारीक कण बनवतो, ठिपके पडतात आणि धुणं संपता संपत नाही. रंग कालवायला आणि निदान शेवटच्या गरम खेपांना पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. ते नसेल तर रसायनांच्या दुकानातून सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आणा. ‘पाणी मऊ करायची पावडर’ म्हटलं तरी दुकानदाराला कळतं. चमचाभर पुरे.

शेवटी परीक्षा. रंगवलेल्या कापडाचा ओला तुकडा पांढऱ्या सुती चिंधीवर ठेवा आणि कडक गरम इस्त्री दाबा, वाळेपर्यंत. चिंधी पांढरी राहिली पाहिजे. दुसरा तुकडा काचेच्या पेल्यात गरम पाण्यात टाकून सकाळी बघा. दोन्हींत पास झालेलं कापडच कात्रीखाली जाईल. ‘थोडासाच गुलाबी आलाय, चालेल’ असं मनाशी म्हणू नका. त्या कापडाची पिशवी शिवा.

आणि शिवून झालेली गोधडी धुताना रंग सुटलाच, तर ती वाळू देऊ नका, इस्त्री तर लांबच. वाळला की डाग घट्ट बसतो. मोठ्या टबात चांगलं गरम पाणी आणि थोडा साबण घेऊन गोधडी पूर्ण बुडेल अशी रात्रभर ठेवा. एकही कोपरा वर राहता कामा नये. सकाळी पाणी बदला, पुन्हा ठेवा. बहुतेक वेळा डाग निघतो, कारण तोही सुटाच रंग असतो.

शिवणं

इथे तुम्हाला माझी गरज नाही. एकच मत सांगते: रंगवलेल्या कापडात स्वतःच ढग आणि लाटा असतात, त्याचे दोन-दोन इंचाचे तुकडे करून ते वाया घालवू नका. मोठे तुकडे, साधी रचना, वर धावदोरा. उत्तर कर्नाटकातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात ती बघा. कडेपासून सुरुवात करून तुकडे जोडत मध्याकडे जातात, आणि धावदोऱ्याच्या रांगाच नक्षी होतात. हातरंगाईच्या कापडाला हे फार शोभतं. भरावाला जुनी सुती साडी घेतलीत तर तीही आधी इस्त्रीच्या परीक्षेत बसवा. वर्षानुवर्षं धुतलेली असेल तर ती सहसा पास होते.

पाठवणं

मागच्या बाजूला वरच्या कडेला टांगण्यासाठी कापडी नळी शिवा. बऱ्याच प्रदर्शनांत ४ इंच रुंदी मागतात. मागे सुती पट्टीवर नाव, गाव, वर्ष आणि ‘कापड स्वतः रंगवलेलं’ असं लिहा. शाई पाण्यात न विरघळणारी हवी. फोटो सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, समोरून, फ्लॅश न वापरता. पिवळ्या बल्बखाली निळ्या छटा मेल्यासारख्या दिसतात आणि परीक्षक पहिल्या फेरीत फोटोच बघतात.

घडी घालू नका, गोधडी गुंडाळा, दर्शनी बाजू बाहेर ठेवून. आधी जुन्या सुती चादरीत, मग प्लास्टिकमध्ये. पावसाळ्यात पाठवत असाल तर ती पूर्ण वाळल्याची खात्री करूनच प्लास्टिक बंद करा, नाहीतर पोहोचेपर्यंत तिला बुरशी लागलेली असेल.